पुसण्याआधी

आमच्या सरांना फळा पुसता येत नसे. हात धड होते, डस्टर होतं, फळाही काही फार मोठा नव्हता. पण पुसायची वेळ आली की ते खडू खिशात टाकायचे, दारात जाऊन उभे राहायचे आणि बाहेरच्या बोळाकडे तोंड करून विचारायचे, "पुसतोय हो! कुणाला बघायचंय का?" बोळात असणार कोण? रंगाची पिंपं ढकलणारे दोन हमाल आणि सावलीला पडलेलं एक कुत्रं. तरी ते उत्तराची वाट बघत थांबायचे. मग आत येऊन एकच ओळ पुसायचे, तीही रुमालाच्या टोकानं. नव्या लिखाणाला जागा उरली नाही की भिंतीवर लिहायचे. आमच्या खोलीच्या भिंती कमरेपर्यंत आकड्यांनी भरल्या होत्या.

त्या रुमालाच्या दुसऱ्या टोकाला एक गाठ होती. काहीतरी लक्षात ठेवायचं म्हणून कधी काळी मारलेली. काय लक्षात ठेवायचं होतं ते सर विसरले होते. मी एकदा म्हटलं, "मग सोडा की, सर. धुताना तेवढी मळकी राहते." तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाच्या घराला कुलूप लावायला निघाले होते. म्हणाले, "मी विसरलो म्हणून तिचं काम संपलं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हा माणूस वेडा आहे. महिनाभरानं वाटलं, भित्रा आहे. नंतर त्यांची भीती मला लागली, डोळे यावेत तशी. डोळे निदान आठवड्यात बरे होतात.

ही सत्तरच्या दशकातली सुरत. उधन्याच्या बाजूला एक डाइंग मिल होती, पॉलिएस्टरच्या कापडाला रंग चढवणारी. मिलच्या शेठचा धाकटा भाऊ परदेशी जाऊन आला आणि येताना कॉम्प्युटरची हौस घेऊन आला. कपाटाएवढं एक यंत्र मिलमध्ये आलं. त्याच्यासाठी थंडगार खोली बांधली, आणि त्या खोलीत सर आले. ते मूळचे कऱ्हाडकडचे, एकटे, पन्नाशीला टेकलेले. कामगार त्यांना मास्तर म्हणायचे. माझं काम कागदी पट्टीवर भोकं पाडायचं. सर लिहून देत, मी टाइप करी, यंत्र ती पट्टी गिळी. बी.एस्सी. झालेल्या मुलीला तेव्हा याहून बरं काम मिळत नव्हतं, आणि एसीत बसून मिळणारं तर मुळीच नाही.

नोकरी मला दादामुळे लागली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही अमळनेरकडचे, घरी अहिराणी बोलणारे. वडील गेल्यावर दादानंच मला शिकवलं. गोडादऱ्याच्या बाजूला आमची भाड्याची खोली होती, आणि दादा याच मिलमध्ये भांड्यावर होता. भांडं म्हणजे दाबाखाली रंग चढवायचं लोखंडी धूड. घरच्या कुकरचा थोरला भाऊ म्हणा. पॉलिएस्टर साध्या उकळत्या पाण्यात रंग धरत नाही. पाणी त्याहून तापवावं लागतं, आणि मग आत दाब कोंडतो. रंगाई संपली, भांडं निवलं, दाब उतरला की झाकणाचं चाक फिरवून ते उघडायचं. हे उघडणं दादाकडे होतं.

दाब असताना झाकण उघडलं तर काय होतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या एका मिलमध्ये ते झालं होतं. तो माणूस मला एकदा लिंबायतच्या बाजारात दिसला, वांगी घेत होता. डाव्या हातानं घेत होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं, दुसऱ्यांदा नाही. घरी आल्यावर दादा जेवत होता. मी त्याच्या हातांकडे बघत बसले तर म्हणाला, "काय वं, नजर लावस का?"

यंत्र आल्यापासून भांड्याचं तापणं, निवणं, झडपा, सगळं यंत्र बघायचं. काम चालू असलं की भांड्यावर आणि आमच्या खोलीतल्या पाटीवर लाल दिवा, संपलं की हिरवा. तरी सरांनी स्वतःचा एक नियम वर ठेवला होता. हिरवा दिवा लागला तरी दादानं आमच्या खोलीच्या खिडकीकडे तोंड करून विचारायचं, "उघाडू का?" मग आत बसलेल्यानं दिव्याकडे न बघता भिंतीवरच्या तापमानाच्या सुईकडे बघायचं आणि ओरडून सांगायचं, "उघाड!" उत्तर आलं नाही तर झाकणाला हात लावायचा नाही. उत्तर न येणं म्हणजेच 'नाही', हे सरांनी दादाकडून पाढ्यासारखं म्हणवून घेतलं होतं. या ओरडाआरडीसाठी खिडकी उघडी ठेवावी लागे, एसीची हवा बाहेर जाई, आणि शेठ येता-जाता कुरकुरत.

सरांचं खरं काम मात्र भांडं चालवायचं नव्हतं. माणसानं सोप्या भाषेत लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा एक प्रोग्रॅम ते तयार करत होते, कंपायलर म्हणतात तो. यंत्राची स्मृती इतकीशी होती की थोडं जास्त लिहिलं की जागा संपे. म्हणून उतरवता उतरवताच फालतू लिखाण ओळखून गाळायचं, ही त्या कंपायलरची खरी मेख होती. फालतू लिखाण म्हणजे काय, हे त्यांनी मला स्टेशनजवळच्या खाणावळीत बसवून समजावलं.

खाणावळीचा मालक काठियावाडी होता. रोज सकाळी बाहेरच्या पाटीवर भाजी लिहायचा. एक दिवस त्यानं बटाटा लिहिला, आतून कुणीतरी ओरडलं, आणि त्यानं बटाटा पुसून भेंडी लिहिली. सर खुलले. "बघितलंत? बटाटा लिहिला, कुणी वाचायच्या आत त्यावर भेंडी आली. म्हणजे बटाटा लिहिला नसता तरी चाललं असतं. असं लिखाण गाळायचं. जागाही वाचते, वेळही."

"सोपं आहे की," मी म्हटलं.

"सोपं?" सरांचा आवाज एकदम खाली आला. "मधल्या वेळात कुणी वाचलं नाही हे तुम्ही कुठून बघितलं? या बाकावरून. चला."

त्यांनी मला रस्ता ओलांडून समोरच्या सलूनमध्ये नेलं. न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता सांगितलं की आज बटाटा आहे म्हणून त्यानं आत्ताच पोराला डबा आणायला घरी पिटाळलं. बटाटा त्याला चालत नाही. स्वतः तो कधी त्या खाणावळीची पायरी चढत नसे, तिथलं जेवण पोरगं आणायचं. आरशात उलटी दिसणारी पाटी तो रोज वाचायचा. सर माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, चक्क घाम होता. "हे असं असतं, बाई. लिहिणाऱ्याला वाचणारे सगळे ठाऊक नसतात."

तेव्हापासून ते गाळण्याआधी प्रत्येक लिखाणाला हाच प्रश्न विचारत: हे कोण वाचतं? फळ्यावर प्रोग्रॅमच्या वाटा काढत. इथून दोन वाटा फुटतात, ही फिरून मागे येते, ही पुढे जाते. मग एकेका वाटेवरून बोट फिरवत चालत. प्रत्येक वाटेवर वाचणारा भेटायच्या आधी त्याच खणात, म्हणजे स्मृतीच्या त्याच कप्प्यात, नवं लिखाण होत असेल तरच जुनं गाळायचं. एका वाटेवर जरी वाचणारा भेटला तरी हात लावायचा नाही. एकाच खणाला दोन नावं असतील तर दोन्ही नावांनी हाका मारून बघायच्या. जेवायला बसले की डाव्या हाताचं बोट टेबलावर कुठल्यातरी वाटेनं चाललेलंच असे. भाजीत मीठ नाही हे त्यांना कुणी सांगितल्याशिवाय कळत नसे.

मग शेठना दुसरं भांडं यंत्राला जोडायची घाई झाली. स्मृतीत जागा नव्हती. सरांनी गाळणारा भाग पुरा केला, सगळा प्रोग्रॅम त्यातून काढला, आणि जागा झाली. शेठ खूश. पण शेठ नुसते खूश होऊन थांबणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तो पहिल्या, म्हणजे दादाच्या भांड्यावरचा, आतला दाब दाखवणारा काटा काढून दुसऱ्या भांड्यावर बसवलेला. नवा काटा यायला वेळ लागणार होता म्हणे.

सर धावतच शेठकडे गेले. मी मागे. शेठ झोपाळ्यावर बसले होते.

"मास्तर, तुमीच सांगते ने, एकनी एक वात बे वखत लिहायची नाय? भांड्यावर दिवो छे ने? तो मग कांटो कशाला, शेने माटे?"

"शेठ, ते मी यंत्रातल्या खणांबद्दल—"

"अने पेली खिडकी पण बंद करो हवे. बूम पाडतात, आखी मिल हसते."

सर मागे वळले. परतताना बोळात थांबून म्हणाले, "बाई, एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही, हे माझंच वाक्य होतं हो." खिडकी त्यांनी बंद केली नाही. पण त्या दिवसापासून त्यांना जेवण जाईना. गाळलेल्या लिखाणाच्या वाटा त्यांनी पुन्हा फळ्यावर काढल्या, पुन्हा बोट फिरवलं. सगळं बरोबर होतं. मला विचारत, "एखादी वाट राहिलीय का? तुम्हाला दिसते का?" मला दिसत नव्हती. रोज सकाळी दादा डबा घेऊन पुढे निघायचा, आणि मी त्याची पाठ बघत मागून चालायचे.

त्यातच एका संध्याकाळी दादा घरी आला तो घुश्शात. शेजारच्या खात्यातली पोरं त्याला बघितलं की "उघाडू का? उघाडू का?" करून चिडवत होती. चहाच्या टपरीवरसुद्धा तेच.

"उद्यापाईन मी काही इचारत नै," तो म्हणाला. "सगळा माले हासतस. दिवा शे ना तठे?"

"इचार ना, दादा. तुनं काय जास?"

"तुले काय! तू थंड्या खोलीमा बसस."

मी हातापाया पडले, चिडले, रडलेही. त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. भाकरी मोडून जेवला आणि झोपला. सकाळी माझ्याशी न बोलता निघाला.

त्याच दिवशी दुपारी वीज गेली. सुरतेत वीज जाणं म्हणजे काही बातमी नव्हती. मिलची घरघर थांबली, माणसांचे आवाज एकदम मोठे झाले, कुणीतरी शिट्टी मारली. दादाच्या भांड्यात रंग ऐन तापावर होता. वीज गेली म्हणून पाणी काही लगेच निवत नाही. ते आत तसंच कोंडलेलं होतं. काळजीचं कारण नव्हतं. आमच्या यंत्राची स्मृती तारांत ओवलेल्या बारीक लोखंडी कड्यांची होती, आणि त्या कड्यांचा गुणच असा की वीज गेली तरी त्यांच्यात लिहिलेलं पुसलं जात नाही. वीज आली की यंत्र उठून, आपण कुठवर आलो होतो ते बघून पुढे चालू लागे.

वीज आली. मिल पुन्हा घरघरायला लागली. यंत्राचे दिवे लुकलुकले, आत कुठेतरी टक् असा आवाज झाला, आणि समोरच्या पाटीवर भांड्याचा दिवा लागला.

हिरवा.

मी सुईकडे बघितलं. ती थरथरत वर चढली आणि धोक्याच्या लाल रेघेच्या पलीकडे जाऊन थांबली. भांडं पेटलेलं होतं आणि दिवा सांगत होता, काम संपलं, उघडा.

"सर," मी म्हटलं.

सर दिव्याकडे बघत उभे होते. त्यांचं बोट हवेत हललं, एक वाट चालावं तसं, आणि मध्येच थांबलं. "तुटलेली वाट," ते म्हणाले. "अहो, वाट मध्येच तुटली तर वाचणारा मीच आहे!"

त्यांना काय कळलं ते मला नंतर समजलं. काम सुरू होताना प्रोग्रॅम एका खणात 'चालू' अशी खूण करायचा, संपताना त्याच खणात 'संपलं'. मध्ये ती खूण प्रोग्रॅममध्ये कुणीच वाचत नव्हतं. म्हणून गाळणीनं 'चालू' गाळलं, नियमाप्रमाणे अगदी बरोबर. वाचणारा होता, पण तो प्रोग्रॅममध्ये नव्हता. यंत्र आलं त्या उन्हाळ्यात सरांनी हातानं एक छोटी वेगळी पट्टी लिहिली होती, वीज जाऊन आल्यावर यंत्राला उठवणारी. ती तेवढा एकच खण वाचायची. 'चालू' गाळलेलं, त्यामुळे खणात आधीच्या रंगाईचं 'संपलं' तसंच पडून होतं. तिनं ते वाचलं आणि इमानानं हिरवा दिवा लावला. जगभर विचारत फिरलेला माणूस स्वतःला विचारायचा राहिला होता.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा सर दाराकडे धावले आणि मी खिडकीकडे. मी कान दिला. दादाचा आवाज नाही. नुसती मिलची घरघर. त्यानं विचारलंच नव्हतं की घरघरीत मला ऐकू आलं नव्हतं? "दादा!" मी ओरडले, तर माझा आवाज मलाच ऐकू येईना. वाफ आणि पिंपं यांच्यामधून मला त्याची पाठ दिसली. दोन्ही हात झाकणाच्या चाकावर होते. चिडवणारी पोरं मागे उभी होती. मला तो बाजारातला माणूस दिसला, डाव्या हातानं वांगी घेणारा.

आणि दादानं मान वळवली. खिडकीकडे बघितलं. कपाळाला आठ्या, तोंड वाकडं. सकाळचा राग तसाच होता. ओठ हलले. आवाज आला नाही, पण ते दोन शब्द मी कुठूनही ओळखले असते.

मी दोन्ही हात खिडकीतून बाहेर काढून हलवले. नको, नको, नको. तेवढ्यात सर तिथे पोचले, आणि भांड्याच्या आणि दादाच्या मध्ये शिरून, झाकणाला पाठ लावून, हात पसरून उभे राहिले. शर्टाखाली त्यांची पाठ भाजली. ते हलले नाहीत. पोरं हसायची थांबली.

भांडं निवेपर्यंत सर तिथेच एका पिंपावर बसून राहिले. मी जाऊन दादाचा दंड धरला तो सोडलाच नाही. दादा गोंधळून म्हणाला, "इतलं काय वं? उत्तर उनं नै, म्हनीसन मी उभाच व्हतू." सर रुमालाची गाठ चाचपत होते. म्हणाले, "ही मी तेव्हाच मारली असणार. ती पट्टी लिहिली त्या दिवशी. नक्की तेव्हाच."

"आठवलं का, सर?"

"नाही हो. पण आता मला तसंच वाटत राहणार."

त्यांनी स्वतः उभं राहून दुसऱ्या भांड्याचा काटा काढायला लावला आणि दादाच्या भांड्यावर परत बसवून घेतला. गाळलेलं सगळं लिखाण परत घातलं, खरोखर फालतू होतं तेसुद्धा. दुसरं भांडं जोडायला जागा उरली नाही. शेठ म्हणाले, "पण कांई थयुं तो नथी ने?" काही झालं तर नाही ना, एवढंच त्यांचं म्हणणं. महिनाअखेर सर गेले. जाताना फळ्याकडे बघितलं, दारापर्यंत गेले, बोळाकडे तोंड केलं, आणि काही न विचारताच निघून गेले. नव्या साहेबांनी आल्या दिवशी ओल्या फडक्यानं सगळा फळा एका हातासरशी पुसला, भिंतींना चुना मारून घेतला. मी दारात उभी होते. सरांचं पुढे काय झालं ते मला कधी कळलं नाही.

दादा आता म्हातारा झालाय. गोडादऱ्यात त्याचं स्वतःचं घर आहे, दोन्ही हात धड आहेत, आणि घरचा कुकर उघडायचं काम तो कुणाला करू देत नाही. मी गेले की स्वयंपाकघरातून हाक येते, "उघाडू का वं?" वहिनी हसते, नातवंडं नक्कल करतात. मी हातातलं टाकून उठते, चमच्यानं शिट्टी उचलून बघते, वाफ राहिली नाही अशी खात्री करते आणि मग म्हणते, "उघाड."

परवा मी शेजारणीशी बोलायला बाहेर गेले आणि गप्पांत वेळ गेला. परत आले तर पोरं ताटं घेऊन बसलेली, वहिनी कपाळाला हात लावून. दादा कुकरच्या दांडीवर हात ठेवून उभा, नजर दाराकडे. त्यानं कधीची हाक मारली होती. मी शिट्टी उचलून बघितली. वाफेचा मागमूस नव्हता, कुकर केव्हाच गार झाला होता. तरी 'उघाड' म्हणायला माझं तोंड लवकर उघडेना.